सोबत जोडलेली कागदपत्रे

मार्च उजाडला की आमच्या कॉलेजात अर्जांचा मोसम येतो. ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात पोरं उभी राहतात, वहीचं पान फाडून लिहिलेले अर्ज घेऊन. विषय: हजेरी माफ करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून... इथवर सगळ्यांचं अक्षर वळणदार असतं. मग 'घरगुती अडचण' येते आणि मजकूर आटपतो. खाली, आपला आज्ञाधारक.

आमचा बीड जिल्हा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. मागे उरतात म्हातारीकोतारी, गुरं, धाकटी भावंडं. आणि या सगळ्यांचं बघायला एखादी एफवायची पोरगी. आजीचा दमा उसळला की तिचं कॉलेज बुडतं. तापाचं सर्टिफिकेट तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं, आजीच्या उशाशी जागलेल्या रात्रींचं कोण देणार? मग ती स्वतःला टायफॉइड झाल्याचा कागद आणते. मला कळतं. मला कळलंय हे तिलाही कळतं. मी शिफारस लिहितो.

२०२३च्या जानेवारीत कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठानं मुलींना पाळीसाठी हजेरीत २ टक्के सूट दिली. डॉक्टरचा कागद नको, नुसता अर्ज पुरे. मला त्या २ टक्क्यांपेक्षा हे 'पुरे' मोठं वाटलं.

तरी हजेरीचं सोपं आहे. जो आला नाही, त्याला अर्ज तरी करता येतो. जो आला त्याचं काय? बारावीच्या दिवसांत दरवर्षी एखादी तरी बातमी असते: वडिलांचं पार्थिव घरात, लेकीनं दिला पेपर. खाली तिच्या धैर्याचं कौतुक. मला ती वाचून रागच येतो. त्या पोरीपुढे दुसरी वाट कुठली होती? बोर्डाचा पेपर एका घरासाठी थांबत नाही. हुकला तर पावसाळ्यातली पुरवणी परीक्षा, आणि तोवर प्रवेशांची घाई उलटून चाललेली. इलाजच नव्हता, त्याला आपण धैर्य म्हणून मोकळे होतो.

माझी भाची सिडनीला न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकते. तिथला नियम तिनं फोनवर सांगितला, 'फिट टू सिट'. परीक्षेला बसलात, म्हणजे पेपर देण्याइतके बरे आहात असं तुम्हीच जाहीर केलंत. मागाहून सहसा सवलत नाही. बरे नसाल तर बसू नका, अर्ज करा. मंजूर झाला तर पेपर नंतर देता येतो. आधी मला हे कोरडं वाटलं, साहेबी. पण शोकात असलेल्या माणसानं त्या दिवशी घरी थांबावं, ही मुभा त्यात लिहून ठेवलेली आहे. आमच्याकडे ती कुणा सरांच्या मर्जीवर.

गेल्या वर्षी टीवायचा एक मुलगा राख सावडून थेट अंतर्गत चाचणीला आला. डोकं भादरलेलं, कंपासपेटी हातात. मी म्हटलं, "घरी जा बाळा, तुझी चाचणी दहाव्यानंतर घेऊ."

तो हलेना. म्हणाला, "सर, अर्ज लिहून देतो, पण सोबत काय जोडू? दाखला अजून ग्रामपंचायतीतून निघालेला नाही."