पाणी आणणाऱ्या राजाची टेकडी

व्हिएतनाममधल्या मी सनला पहाटेच निघावं. दा नांगहून गाडीने दीडएक तास लागतो, आणि नऊ वाजले की ऊन त्या दरीत साचून राहतं. चहूकडे डोंगर, मधून वाहणारा ओढा आणि झाडीत उभी तांबड्या विटांची देवळं. चंपा या चाम लोकांच्या जुन्या राज्याचा राजा भद्रवर्मा याने चौथ्या शतकाच्या अखेरीस इथे शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला स्वतःचं नाव जोडलं, भद्रेश्वर. त्यानंतर कित्येक शतकं चाम राजे या दरीत देवळं उभारत राहिले.

भिंतीला हात लावल्याशिवाय या कामाची थोरवी कळत नाही. दोन विटांच्या मध्ये चुना दिसत नाही, नख शिरत नाही. डाउ राय नावाच्या झाडाची राळ वापरून विटा सांधत असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. आधी भिंत रचायची आणि मग उभ्या विटेवर छिन्नी चालवायची, अशी पद्धत. अंजली जोडलेले देव, वेलबुट्टी, अर्धस्तंभ, सगळं विटेतच कोरलेलं. एक घाव चुकला तर ती वीट बदलता येत नाही, हे लक्षात घेऊन एकेक मूर्ती पाहत गेले की पाय पुढे निघत नाहीत.

ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी विमानांनी इथे बॉम्ब टाकले. सगळ्यात देखणं मानलं जाणारं ए-१ हे देऊळ त्यात कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून आहेत. त्यांत गवत वाढलंय आणि पावसाळ्यात पाणी साठतं. युद्धानंतर पोलंडचे वास्तुतज्ज्ञ काझिमिएझ क्विआत्कोव्स्की १९८१पासून इथल्या भिंती सावरण्यासाठी झटले आणि १९९७मध्ये याच देशात त्यांनी देह ठेवला. पुढे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७पासून इथल्या देवळांच्या काही गटांचं जतन हाती घेतलं. त्या कामात २०२०मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मातीतून वर आलं, नवव्या शतकातलं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. इतकं नितळ, इतकं प्रमाणबद्ध लिंग, पण भोवती ना बेलाचं पान, ना पाण्याचा थेंब. दरी राखली गेली याचं समाधान होतं, तरीही एक प्रश्न सोबत घेऊनच मी बाहेर पडले: ज्यांनी हे बांधलं त्यांची मुलंबाळं आता कुठे पूजा करतात?

उत्तर दक्षिणेला होतं. १४७१मध्ये व्हिएतनामी राजाने चामांची विजय ही राजधानी घेतली आणि त्यांचा मुलूख दक्षिणेकडे आक्रसत गेला. सगळ्यात शेवटपर्यंत टिकलं ते पांडुरंग नावाचं राज्य. तेही १८३२मध्ये संपलं. त्या पांडुरंगाचं आजचं नाव फान रांग. पांडुरंग हे नाव आपल्या कानाला किती जवळचं आहे, ते मी सांगायला नको. रात्रीच्या गाडीत बसले आणि थाप चाम स्टेशनवर उतरले.

हा व्हिएतनामचा सर्वांत कोरडा प्रदेश. भाताच्या हिरव्या खाचरांची सवय झालेल्या डोळ्यांना इथे निवडुंग, उघडे खडक, शेळ्यामेंढ्यांचे कळप, मिठागरं, द्राक्षांचे मांडव आणि चक्क बोरांच्या बागा दिसतात. स्टेशनजवळच्याच एका टेकडीवर पो क्लोंग गारायचं देऊळ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या सुरुवातीला तिसऱ्या जय सिंहवर्म्याने ते बांधलं, आपल्या आधीच्या एका राजाच्या नावाने. तो राजा, पो क्लोंग गाराय, लोकांच्या आठवणीत राहिला तो लढायांसाठी नव्हे. न्हा त्रिन्हचं धरण आणि त्याचे कालवे त्याने बांधले, असं इथली परंपरा सांगते. त्या धरणाचं पाणी आजही शेतांना मिळतं. अशा कोरड्या मुलखात पाणी आणणाऱ्याला लोकांनी देव केलं, यात मला नवल वाटलं नाही.

गाभाऱ्यात मुखलिंग आहे, म्हणजे लिंगावरच राजाचा चेहरा कोरलेला. दाराच्या वर सहा हातांचा नटराज. आत शिरताच नंदी, आणि शेतकरी त्याच्यापुढे गवत ठेवतात. नंदीचं पोट भरलं तर पीक चांगलं येतं, ही त्यांची श्रद्धा. दगडी चौकटींवर चाम लिपीतले लेख आहेत.

मी गेले तेव्हा काते होता. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, बहुतेक ऑक्टोबरात, हा सण येतो. आदल्या दिवशी हूउ दुक गावात डोंगरातले रागलाय लोक उतरतात आणि पो इनू नगर या देवीची वस्त्रं घेऊन येतात. वर्षभर ती त्यांच्याकडे असतात. चाम ही थोरली बहीण, रागलाय ही धाकटी, असं दोन्हीकडे मानतात. आणि घरदार सांभाळायचा मान इथे धाकट्या मुलीचा. त्यामुळे देवीचं लेणं तिच्याकडेच असणार. काशाच्या सपाट थाळ्या वाजवत ती माणसं गावात आली तेव्हा चाम बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने उभ्या होत्या. माहेरच्या माणसांना घ्यायला वेशीपर्यंत जावं तसं ते स्वागत होतं. राज्य गेलं, राजधान्या गेल्या, आणि देवीच्या वस्त्रांच्या पेट्या मात्र डोंगरातल्या घरांतून सुखरूप राहिल्या. चंपाच्या इतिहासातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या वस्त्रांतले पुरोहित, गिनांग नावाच्या ढोलांच्या जोड्या, हातात धरायचा परानुंग आणि सगळ्यांवरून ऐकू येणारी सरनाई. देवळाचं दार उघडण्याचा विधी झाला. मग देवाचं स्नान, मग वस्त्रं. गाभारा इतका अरुंद की आत मोजकीच माणसं मावतात. कधर म्हणजे गायक पुरोहित. तो कासवाच्या पाठीची दोन तारांची कन्ही वाजवत एकेका देवाची स्तुती गातो. शेजारी मुक पजाउ, ही पुजारीण, तांदळाची दारू अर्पण करते. देवीदेवतांना स्त्रीच्या हातून नैवेद्य पोचतो, आणि त्याची कुणाला सबब द्यावी लागत नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं. बाहेर अंगणात प्रत्येक कुटुंबाने आपली चटई अंथरलेली: कोंबडी, भात, फळं, पानसुपारी. मेणबत्त्या लावून घरोघरची पूजा तिथेच चालू होती. मी सनच्या दरीत घेतलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या चटयांवर मांडलेलं होतं.

टेकडीवरचा सण संपला की काते गावागावांत जातो, आणि मग घरात. मी बाउ त्रुकला गेले. हे कुंभारांचं गाव. घडवणाऱ्या सगळ्या बायका, आणि चाक नाहीच. मातीचा गोळा एका उपड्या मडक्यावर ठेवून बाई त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत राहते, एक हात आत, एक बाहेर, आणि भांडं तिच्या चालीने गोल होतं. भाजणं उघड्यावर, लाकूड आणि पेंढा रचून. त्यामुळे प्रत्येक मडक्यावर काळे-तांबडे डाग वेगळे उमटतात. २०२२मध्ये युनेस्कोने या कलेला तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं, कारण शिकणाऱ्या मुली कमी झाल्या आहेत.

त्या दिवशी कुणी मातीला हात लावला नव्हता. ज्या कुंभारणीकडे मला नेलं तिने पितरांपुढचं ताट उतरवलं आणि आम्हाला जेवायला बसवलं. घर तिच्या आईकडून तिला आलेलं, पुढे धाकट्या मुलीला जाणार. पंगतीत शेजारच्या गावातल्या दोन बाया होत्या, बानी म्हणजे इस्लामी वळणाच्या चाम. ब्राह्मणी, म्हणजे हिंदू वळणाचे चाम गोमांस खात नाहीत, बानी डुकराचं खात नाहीत. म्हणून त्या दिवशीच्या स्वयंपाकात दोन्ही नव्हतं, बकऱ्याचं होतं. रमुवान हा बानींचा सण आला की ही कुंभारीण त्यांच्याकडे जाते. यंदा काय घेऊन जायचं, याची चर्चा जेवताजेवताच सुरू झाली, आणि द्राक्षांवर सगळ्यांचं एकमत झालं.