दहा कोयत्यांचं मशीन

सुरुवातीलाच कबूल करते की माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘एकोणऐंशी’ म्हणजे सेव्हन्टी नाईन की एटी नाईन, हे मला आजही बोटं मोजून ठरवावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका मॅडमनी पोटात घालाव्यात. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे, प्रोसेसर! निदान मला तसं वाटत होतं.

झालं असं की आमच्या चौघींच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला, कापसाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायचा. केज रस्त्याच्या शेतांमधून फिरून हजारो फोटो काढले. आता ते चालवायचे कशावर? आमचे लॅपटॉप अर्ध्या तासात इतके तापत की वर पोळी शेकावी. नवीन मशीन परवडणार नव्हतं. शेवटी ठरलं, की मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निवृत्त झालेला जुना झिऑन प्रोसेसर घ्यायचा. जुनी सर्व्हरची रॅमही स्वस्तात मिळते. वर्गणी प्रत्येकी तीन हजार.

ग्रुपची ‘हार्डवेअरवाली’ मी. दोन नावं काढली. दोन्ही इंटेलची, दोन्ही २०१३ सालची, दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसणारी. पहिला ई५-२६६७ व्ही२. याला ८ कोर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ४.०, आणि १३० वॉट. दुसरा ई५-२६८० व्ही२. याला १० कोर, २.८ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ३.६, आणि ११५ वॉट. कॅश दोघांची सारखीच, २५ एमबी. दुकानदाराने सांगितलेला भाव पहिल्याचा पंचेचाळीसशे, दुसऱ्याचा अठ्ठावीसशे.

मला पहिलाच हवा होता. ४.० हा आकडाच कसा रुबाबदार दिसतो! फरक सतराशेचा, म्हणजे प्रत्येकी सव्वाचारशे. मी सहज म्हणून गेले, “सव्वाचारशे म्हणजे दोन पिझ्झे गं!”

दोघी हसल्या. माझी रूममेट हसली नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली.

रात्री मेसमधून येताना मी विचारलं, “रागावलीस का?” ती म्हणाली, “राग कशाचा? माझे आई-दादा ऊसतोडीला आहेत. सव्वाचारशे म्हणजे टनभरापेक्षा जास्त ऊस. तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायचा. मी तसा हिशेब करत होते.”

दोन वर्षं एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं! दिवाळीच्या आसपास तिचे आई-वडील ‘गावाला जातात’ एवढंच मी ऐकलेलं. ती लहानपणी आजीजवळ राहून शिकली, हे त्या रात्री कळलं. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनाच्या दराने फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा तिच्या घरी केवढी चर्चा झाली, तेही तिने सांगितलं. मी त्या महिन्यात काय करत होते, मला आठवतसुद्धा नाही.

“आणि कोयता म्हणजे काय माहितीये?” तिने विचारलं.

“ऊस तोडायचं हत्यार.”

“ते तर झालंच. पण नवरा-बायकोच्या जोडीलाही एक कोयता म्हणतात. माणसं दोन, हिशेब एकाचा.”

मला एकदम हायपरथ्रेडिंग आठवलं. तिथे बरोबर उलटं! कोर एक, पण कॉम्प्युटर मोजतो दोन. आठ कोरचे सोळा थ्रेड दिसतात, काम मात्र दुप्पट होत नाही. काही कामांत पंचवीस-तीस टक्के फायदा, काहींत जवळपास शून्य. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या प्रोसेसरचा मुकादम भला माणूस आहे.” तेव्हा मात्र दोघीही हसलो.

पुढे तिनेच मुद्द्याचा प्रश्न विचारला. “टोळीत कोयते कितीही असू देत, गाडी भरल्याशिवाय दिवस संपत नाही. आपल्या प्रोग्राममध्ये ‘गाडी’ कुठे अडते, ते मोजलंय का?”

मोजलं नव्हतं. मी फक्त स्पेसिफिकेशन वाचली होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा एकच कोर चालू ठेवून वेळ लावली. १०० मिनिटांच्या कामात ४० मिनिटं फोटो उघडून लहान करण्यात जात होती, एकामागून एक, रांगेत. उरलेली ६० मिनिटं सगळ्या कोरवर वाटता येणारी. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली हेच मांडलं होतं, की जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेग ठरवतो. आपण व्हायव्हासाठी पाठ करतो तो अॅमडालचा नियम. मला तो पाठ होता!

मग हिशेब केला, अगदी साधा. सगळं काम वाटून देता आलं तर पहिल्याची ताकद ८ गुणिले ३.३ म्हणजे २६.४, दुसऱ्याची १० गुणिले २.८ म्हणजे २८. दुसरा सहा टक्क्यांनी पुढे. काम एकाच कोरवर असेल तर ४.० विरुद्ध ३.६, म्हणजे पहिला अकरा टक्क्यांनी पुढे. मधली सीमा कुठे? उत्तर आलं, साधारण ७ टक्के. प्रोग्रामचा रांगेतला भाग सात टक्क्यांहून जास्त असेल तर कमी कोरचा पहिला जिंकतो, कमी असेल तर दुसरा. आमचा भाग ४० टक्के. पहिला आठ टक्क्यांनी सरस ठरत होता.

“बघ, मी म्हटलं नव्हतं!” मी उडालेच.

ती कोड वाचत होती. म्हणाली, “पण फोटो रांगेत का उभे आहेत? एका फोटोचा दुसऱ्याशी काय संबंध?”

काहीच नव्हता. तो लूप मी लिहिला होता, घाईत, सबमिशनच्या आदल्या रात्री. तिने फोटोंचे दहा वाटे केले आणि एकेक वाटा एकेका प्रोसेसला दिला. अवघ्या पंधरा ओळी बदलल्या. रांगेत उरली फक्त ४ मिनिटं. सीमा ओलांडली! आता स्वस्तातला दुसराच दोन टक्क्यांनी पुढे होता. दोन टक्के म्हणजे काही नाहीच म्हणा. खरी गंमत पुढे आहे. त्या पंधरा ओळींमुळे कागदावरचा वेग जवळपास तिप्पट झाला, आणि मी जास्तीचे सतराशे रुपये देऊन आठ टक्के विकत घेणार होते. स्वतःचा आळस झाकायला!

आम्ही १० कोरचा घेतला. वॉटही पंधराने कमी. वॉटचा छापील आकडा म्हणजे नेमका वीजवापर नव्हे, पण मशीन दिवसरात्र पूर्ण ताणावर चाललं तर तेवढ्या फरकाने वर्षाला सव्वाशेच्या वर युनिट वाचू शकतात. अडचणीही सांगते. दोन्ही प्रोसेसर इतके जुने, की एव्हीएक्स२ नाही, त्यामुळे काही नव्या लायब्ररी चालत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे बसत नाहीत, म्हणून लिनक्स टाकलं. तर जुनं घेणाऱ्यांनी आधी आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते बघा आणि मग पैसे द्या. सरांच्या परवानगीने मशीन लॅबच्या कोपऱ्यात बसलं. प्रत्यक्षात वेग तिप्पट नाही, पण अडीचपट झाला.

त्या संध्याकाळी रूममेटने आईला फोन लावला. स्पीकरवर मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ती म्हणाली, “आई, मशीन आलं. दहा कोयत्यांचं हाय.”

पलीकडून लगेच प्रश्न, “दहा कोयते? मग उचल किती द्यावी लागली?”

“अठ्ठावीसशे.”

“आक्खी टोळी अठ्ठावीसशेत? लई स्वस्तात पडली गं!”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता माझं हसू थांबलं, तिचं थांबलं नव्हतं. पलीकडे गाडी आली असावी, कारण “ठेवते बाई, भरायचंय” म्हणून फोन बंद झाला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.