सेकंडहँड, पण फर्स्टक्लास!

2004 साली ‘धूम’ आला तेव्हा मी चौथीत होतो. पिक्चरची स्टोरी काय होती असं आज विचाराल, तर धड सांगता येणार नाही. पण त्यातल्या बाइक्स? त्या एकजात आठवतात! आमच्या गडमुडशिंगीत तेव्हा टू-व्हीलर म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली एम-80. आमच्या घरीही तीच. आण्णा तिच्यावरून डबा घेऊन गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत जायचे. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र फिट्ट बसलं होतं... पुढे चकाचक फेअरिंग, टाकीवर ओणवा झालेला मी आणि बघत राहिलेलं अख्खं गाव!

पुढची स्टोरी तुमची-माझी सेमच. इंजिनिअरिंग, पुणे, हिंजवडी, ईएमआय. हातात चार पैसे खुळखुळायला लागले आणि चौथीतला तो पोरगा जागा झाला. नवी स्पोर्ट्स बाइक परवडणारी नव्हती, म्हणून सेकंडहँड बघायला गेलो. सोबत गावाकडचा जिगरी दोस्त. गाडी बघितली आणि दोघंही खल्लास! ट्रायल किती घेतली माहितेय? सोसायटीच्या पार्किंगपासून गेटपर्यंत आणि परत. दोन मिनिटं. दोस्त म्हणाला, “भावा, नाद खुळा! डोळे झाकून घे.” मी खरंच डोळे झाकून घेतली. एक लाख चाळीस हजार मोजून!

गाडीचं नाव सांगत नाही. कारण चूक तिची नव्हतीच, माझी होती. ती बनवली होती ट्रॅकवर पळवायला आणि मी तिला दर पंधरा दिवसांनी पुण्याहून गावाकडे आणत होतो. पल्ला म्हटला तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी घाटापर्यंत मी ‘धूम’मधला हीरो असायचो. साताऱ्यात मनगटं दुखायला लागायची, कराडला मान आखडायची. पेठनाक्याला चहासाठी उतरलो की कंबर सरळ व्हायलाच दोन मिनिटं लागायची. त्यात हायवेच्या रुंदीकरणाचे डायव्हर्जन! तावडे हॉटेलपाशी वळून उचगावमार्गे घरी पोचेपर्यंत हीरोचा पार म्हातारा झालेला असायचा.

एका सोमवारी ऑफिसात माउस धरला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. वाटलं, होईल बरं. चार दिवस झाले तरी तेच. शेवटी डॉक्टर गाठला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दिवसभर कीबोर्ड, आणि सुट्टीत हे? तळहाताच्या बुडाशी शीर दबतेय तुझी. गाडी बदल, नाहीतर पुढे बोटांतली ताकद जाईल.” ज्याची रोजीरोटीच बोटांवर आहे, त्याला हे वाक्य केवढ्याला पडतं ते तुम्हीच बघा. गाडी विकली. पस्तीस हजारांचा फटका बसला.

पण खरी रुखरुख वेगळीच होती. गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मी आण्णांना म्हटलं होतं, “बसा, चक्कर मारून येऊ.” त्यांनी मागची सीट बघितली. सीट कसली, मांडीएवढ्या उंचीवर चिकटवलेली वीतभर फळी! “ह्या फळीवर मी बसू व्हय? ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. वर्षभर गाडी दारात उभी राहायची, पण ते एकदाही बसले नाहीत. आणि मीही परत विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी ठरवलं, आता घाई नाही. बजेट एक लाख, तेही डागडुजी धरून. कर्ज अजिबात नाही. आणि गाडी स्पोर्ट्सच हवी! क्रूझर घे, स्कूटर घे, असे सल्ले भरपूर मिळाले. पण हौस ती हौस. प्रश्न एवढाच होता की, हौस आणि पाठ दोन्ही सांभाळणारी गाडी असते का?

असते! फक्त ती ओळखायची कशी, याचा फंडा आधी समजून घ्यायला हवा. सगळा खेळ तीन गोष्टींचा : हँडल, सीट आणि पाय ठेवायची जागा. स्पोर्ट्स बाइकला सलग दांड्याचं हँडल नसतं. फोर्कच्या दोन नळ्यांना दोन वेगवेगळे दांडे क्लॅम्प केलेले असतात. हे दांडे फोर्कच्या वरच्या प्लेटच्या खाली असतील, तर तुम्ही पुढे ओणवे होणार आणि अंगाचा भार मनगटांवर येणार. प्लेटच्या वर असतील, तर पाठ बऱ्यापैकी सरळ राहते. फूटरेस्ट फार मागे आणि वर असतील, तर गुडघे दुमडून कळ लागते. आणखी एक गंमत. वेगात समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार थोडा हलका होतो. म्हणजे ट्रॅकची गाडी सगळ्यात जास्त छळते कुठे? ट्रॅफिकमध्ये! आणि आपला निम्मा जन्म तर तिथेच जातो.

याची टेस्ट एकदम सोपी आहे. मित्राला गाडी सरळ धरायला सांगा. तुम्ही बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, हात हँडलवर. आता मांड्यांनी टाकी आवळा आणि हँडलवरचे हात अलगद उचला. पोट आणि मांड्यांच्या जोरावर अंग जागच्या जागी राहिलं, तर गाडी तुमच्या मापाची. धाडकन पुढे गेलात, तर तेवढा सगळा भार तुमच्या मनगटांच्या वाट्याला येणार आहे. सीटवर निदान दहा मिनिटं बसून राहा. विकणारा वैतागेल, वैतागू दे!

मग लिस्ट काढली. करिझ्मा, आपल्या पिढीचं पहिलं प्रेम. 2003 ची, 223 सीसी, पंधरा लिटरची टाकी आणि बसायला ऐसपैस. पण नीट राखलेली मिळेना. पल्सर 220 दणकट, स्पेअर पार्ट गल्लीबोळात मिळतात. मात्र मी बघितलेल्या तिन्ही पोरांनी पार पिळून काढलेल्या. आर-15 वळणांवर लाजवाब, पण 2018 मध्ये आलेलं तिसरं व्हर्जन चांगलंच ओणवं करतं. आरसी 390 म्हणजे चाकणमध्ये बनलेलं रॉकेट, पण बसणं पुन्हा ट्रॅकचंच. एकदा पोळलेला मी, लांबूनच नमस्कार केला. निन्जा 300 मध्ये दोन सिलिंडर, चालायला लोण्यासारखी. पण तिच्या पार्टच्या किमती ऐकूनच घाम फुटला. 2019 ची जिक्सर एसएफ 250 हात उचलायच्या टेस्टमध्ये पास झाली, बजेटमध्ये नापास!

राहता राहिली होंडाची सीबीआर 250 आर. 2011 मध्ये भारतात आली आणि 2020 मध्ये बीएस-6 नियम लागू झाले तशी बंद झाली. 250 सीसीचं सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, टाकी 13 लिटरची. हँडल प्लेटच्या वर, सीट रुंद, मागे धरायला दोन्ही बाजूंना ग्रॅबरेल. दिसायला पूर्ण स्पोर्ट्स, बसायला सज्जन. तोटा एकच. बंद झालेली गाडी, त्यामुळे काही पार्ट ऑर्डर करून वाट बघावी लागते. म्हणजे आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली, याला फारच महत्त्व.

तशी एक इचलकरंजीत सापडली. 2015 ची, एबीएसवाली, पहिलाच मालक, एमएच-09 पासिंग. या वेळी दोस्ताला नेलं नाही. उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना नेलं आणि, खरं सांगायचं तर भीत भीतच, आण्णांना विचारलं, “येता का? मागे बसून बघा जरा.” ते काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि निघाले.

मिस्त्रींनी आधी इंजिनाला हात लावला. गार होतं. “गरम करून ठेवली असती तर मी तिथनंच परत फिरलो असतो,” म्हणाले. कारण गार इंजिन स्टार्ट होताना आवाज आणि धूर लपवता येत नाही. मग फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, ते बघितलं. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं. मधोमध अडकल्यासारखं झालं, म्हणजे कोनसेट गेलेला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर 3118 होतं, म्हणजे 2018 सालच्या 31 व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं. पेट्रोलच्या पाइपाही बदला म्हणाले. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नसतं. इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस फिरून माझ्याच गाडीच्या पाइपा खाणार!

मग खरी परीक्षा. मालकाकडे माझं आयकार्ड आणि मिस्त्रींची गाडी ठेवली आणि आण्णांना मागे बसवून हुपरीला जाऊन आलो. खड्डे, स्पीडब्रेकर, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळं मिळून पाऊण तास. पूर्ण वेळ मागून एक शब्द नाही. मला तर टेन्शनच आलं. परत आलो, आण्णा उतरले. कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, “सीट बरी हाय. पाय बी आकडलं न्हाईत. पर चेन वाजत्या.” तीस वर्षं फौंड्रीत काढलेला कान! मिस्त्रींनी चेन ओढून बघितली. खरंच, चेनसेट शेवटच्या घटका मोजत होता.

मालकाने एक लाख पाच हजार सांगितले होते. आता माझ्याकडे मुद्दे होते. टायर, कोनसेट, चेन, पाइपा. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाल्यावर जुनी जुन्याच भावाने कशी घ्यायची? शेवटी 86 हजारांवर तुटलं. वर दुरुस्तीला चौदा हजार लागले. लाखात सगळं बसलं!

कागदांचा कंटाळा करू नका, प्लीज. गाडीवर किती चलनं थकलीत, ते पैसे देण्याआधी ऑनलाइन बघा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. दुसऱ्या आरटीओची असेल, तर तिथली एनओसी लागते. इन्शुरन्सही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकायचा. आणि 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदणी झालेली गाडी असेल, तर हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघा.

डिसेंबरात आण्णांना घेऊन आंबोलीला गेलो. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली. रमतगमत, दर तासाला थांबत. माझी बोटं शाबूत, त्यांची कंबर शाबूत. आंबोलीत चहाच्या टपरीवर आण्णा बराच वेळ गाडीकडे बघत बसले होते. मग एकदम म्हणाले, “मी आरएक्स-100 घेणार हुतो. पैसं जमवलं हुतं.”

मला हे माहीतच नव्हतं! म्हटलं, “मग?”

“मग काय, त्या पैशात म्हस घेतली. आरएक्स दूध देत्या व्हय?”

आणि स्वतःच हसले. मीही हसलो. त्या म्हशीच्या दुधाच्या बिलावर माझी पहिली शाळेची फी भरली गेली होती, एवढं मला ठाऊक होतं. ते मी बोललो नाही. त्यांना अजून एक कटिंग सांगितला. निघताना ते म्हणाले, “येताना जरा दमानं घे, आणि पुढच्या खेपंला तुझ्या आईला ने.”

तेव्हा मंडळी, सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक बघायला निघाला असाल, तर एवढंच सांगेन. जिगरी दोस्ताला घरीच ठेवा, तो ‘भावा, नाद खुळा!’ यापलीकडे काही सांगणार नाही. एक मिस्त्री न्या आणि मागच्या सीटवर जो बसणार आहे, त्याला न्या. पाऊण तासाने तो न कण्हता उतरला, की बिनधास्त टोकन द्या!