सीवूड्सहून व्हायोलिन आणायला

हार्बर मार्गावर नेरूळ सुटले की पुढचे स्थानक सीवूड्स-दारावे. फलाटावर उतरावे तो डोक्यावर भलामोठा मॉल. पलीकडे पामबीच रस्ता, खाडी आणि हिवाळ्यात पाणथळीत उतरणारे रोहित पक्षी. स्थानकाच्या नावात दोन वस्त्या आहेत. सीवूड्स हे उंच इमारतींचे नाव, दारावे हे आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावाचे. तिसरी वस्ती नावात नाही. त्या इमारतींचे जिने पुसणारी, रात्री गेटवर बसणारी आपली माणसे आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात. धम्मवर्गाच्या निमित्ताने आमचे त्यांच्याकडे जाणे-येणे असते. यंदा तिथे व्हायोलिनचा प्रश्न निघाला.

मुलगी नऊ वर्षांची. आई एका इमारतीत स्वयंपाकाला जाते. तिच्याबरोबर जाता-येता मुलीने शेजारच्या दारातून व्हायोलिन ऐकले आणि हट्ट धरला. मामाने हौसेने आणून दिले. लालभडक पॉलिश, पेटी, गज, सगळे होते. शिकवणी लावली, पण दोन महिने झाले तरी त्यातून करकरच निघे. शेजारीपाजारी म्हणू लागले, "हे मोठ्या लोकांचे वाद्य. आपल्याला नाही जमायचे."

हे वाक्य आम्हांला सहन होत नाही. पूज्य बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा डोंगर उरावर असताना, व्हायोलिन शिकले. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसने उभारलेल्या त्यांच्या स्मारक-संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन ठेवलेले आहे. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन अवश्य बघा. तेव्हा दोष कुठे आहे हे पाहण्यासाठी आम्ही पेटीच उघडायला सांगितली.

व्हायोलिन मोठ्या माणसाच्या मापाचे निघाले. या वाद्याला बुटासारखी मापे असतात. पूर्ण, पाऊण, अर्धे, पाव आणि त्याहून लहानही. माप वयावरून नव्हे, हातावरून घ्यायचे. वाद्य मानेशी टेकवून डावा हात लांब करायचा. वळलेले टोक तळहातात आले आणि बोटे त्याभोवती सहज वळली तर माप बरोबर. या पोरीची बोटे टोकापर्यंत पोचतच नव्हती. वाढत्या अंगाचा म्हणून आपण फ्रॉक मोठा घेतो, तो चालतो. व्हायोलिन चालत नाही.

मग घोडी. तारा जिच्यावर टेकतात ती पातळ लाकडी घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. ती पुढे कलली होती आणि इतकी उंच होती की तार दाबताना बोटे सोलावीत. पोटात एक बारीक उभी काठी असते, साउंडपोस्ट. ती तर पडलेलीच होती. फ्रेंच लोक या काठीला 'आत्मा' म्हणतात. आपण आत्मा मानीत नाही, पण ही काठी उभी असल्याशिवाय आवाजात दम येत नाही एवढे मानावे लागते.

रविवारी हार्बरला मेगाब्लॉक, म्हणून दुसऱ्या शनिवारी बाप-लेकीबरोबर निघालो. सव्वा तासात सीएसएमटी, तिथून पायी धोबी तलाव. मुंबईतला वाद्यांचा हा जुना भाग. १८६५ पासूनचे फुर्टाडोस हे नाव इथलेच. दादरला उतरणाऱ्यांना हरिभाऊ विश्वनाथ आहेत. शिक्षकांना आधीच विचारून घेतले होते. ते हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून, टोक उजव्या पावलावर टेकवून शिकवतात. तारा लावायची रीत वेगळी, वाद्य तेच. व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी याच वाद्यावर राग वाजवले.

दुकानदार पॉलिश दाखवीत होता, आम्ही लाकूड बघत होतो. पुढची फळी स्प्रूसची, मागची मेपलची असावी. बोटांखालची काळी पट्टी आबनुसाची असली तर उत्तम. नुसता काळा रंग असेल तर वापराने उडतो. कडेने बोटाच्या पेराने हलके ठोकत जावे, सांधा उकलला असेल तिथे आवाज फाटतो. खुंटी फिरवावी आणि ती जागेवर थांबते का पाहावे. गज डोळ्यासमोर धरून सरळ आहे की वाकडा ते बघावे. आणि दुकानातच कोणाला तरी वाजवायला लावावे.

मुलीच्या हाताला अर्धे माप बसले. साधे, सहा हजारांचे. वडिलांचा अर्धा पगार, म्हणून मामाने दोन हजार घातले. घोडी तासून, काठी बसवून घेतल्याशिवाय आम्ही पैसे मोजले नाहीत. या कामाला अर्धा तास लागला, तेवढा वेळ पोरगी हलली नाही.

सीवूड्सची हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल पडून घसरतात. म्हणून व्हायोलिन खिडकीपाशी किंवा गॅसजवळ ठेवायचे नाही, वाजवून झाले की पेटीत, आणि पेटीत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. गजाचे केस घोड्याचे असतात. रोज राळ लावायची आणि वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायचा, नाहीतर काठी वाकते.

आता 'सा' स्वच्छ लागतो. मोठे व्हायोलिन विकायला निघाले होते, ते आम्ही थांबवले. दुरुस्त करून घेतले तर चार-पाच वर्षांत तेच तिच्या हाताला येईल. तोवर ते कपाटावर आहे, आणि मामा आला की खाली काढून पुसून ठेवतो.