भाच्याची स्विफ्ट आणि सत्तर हजार रुपये

‘कमान’ हा शब्द मी दोन्ही वर्गांत शिकवतो. उर्दूत कमान म्हणजे धनुष्य, मराठीत दरवाजाची कमान. आमच्या मोहल्ल्यात मात्र कमान म्हणजे ट्रकच्या चाकावरचे पोलादी पाटे. अब्बांनी आयुष्यभर तेच पाटे तापवले, ठोकले, त्यांना वाक दिला. त्यामुळे मी बीएड करून मास्तर झालो तरी घरात कुणाला गाडीबद्दल शंका आली की माझ्याकडेच पाठवतात. या वेळी भाचा आला.

त्याच्याकडे २००८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, जुन्या १.३ लिटर इंजिनाची. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर, ती पळवायची त्याची हौस. पगारातून सत्तर हजार साठवलेत. त्यात त्याला हवे होते कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा सेट. चांगला सेट एवढ्यात बसत नव्हता. मग त्याने तीन वाटा काढल्या. उरलेले पैसे हप्त्यावर, किंवा मिळेल तो स्वस्त सेट, “नाहीतर मामू, सरळ मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली बसवतो.”

हप्त्याला आपाने तिथल्या तिथे नकार दिला. शौकासाठी व्याज भरायचं नाही, हे आमच्या घरात अब्बांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. याच गाडीतून आपा दर महिन्याला कमरेच्या डॉक्टरकडे जाते, ही गोष्ट मात्र भाचा सोयीने विसरला होता.

स्प्रिंग कापणं तर नाहीच. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, पण शॉकअप जुन्याच हिशोबाचा राहतो. तिची उसळी त्याला आवरत नाही. चाक खड्ड्यात लटकलं तर आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते. शिवाय स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी फार खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर कलण्याची ओढही वाढते. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून फोटो काढणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार?

त्याचा दुसरा समज असा की ताठ तेवढं चांगलं. मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. वळणावर बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे वजनाच्या मध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर मिळून ठरवतात. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार त्या भाराची फक्त वाटणी करतात, पुढे किती आणि मागे किती. स्विफ्टची पुढची चाकंच ओढतात, तीच वळतात, ब्रेकचा मोठा भागही तीच घेतात. पुढची बाजू आणखी ताठ केलीस तर त्यांची पकड आधी संपेल आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाईल. ताठ करायचीच तर मागची बाजू, तीही बेताने. नाहीतर घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की मागचं अंग फिरेल. फिझिक्स माझा विषय नाही, पण वाटणी समजायला अब्बांचा पाटा पुरेसा आहे.

मग गाडी रॅम्पवर चढवली. लोअर आर्मचे बुश फाटलेले, लिंक रॉड खडखडणारे, स्ट्रट माउंटचं रबर बसलेलं. बुश ढिले असले की ब्रेक मारताना चाकाचा कोन स्वतःहून बदलतो, मग अलाइनमेंटला काय अर्थ? पहिला खर्च तिथे झाला, आणि तो दिसत नाही म्हणून भाचा दोन दिवस गप्प होता.

त्यानंतर मूळ उंचीच्या स्प्रिंगांवरच जरा कडक, गॅस भरलेले शॉकअप. सलग फेऱ्यांत शॉकअपमधलं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि गाडी डोलायला लागते. गॅसचा दाब तो फेस रोखतो. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट चाकाला जिथे दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथे एकाच्या जागी हा विलक्षण आकाराचा बोल्ट घालायचा. चाकाचा माथा अंशभर आत झुकतो आणि वळणावर टायर नुसत्या बाहेरच्या कडेवर घासत नाही. कॅम्बर बदलला की टो पुन्हा जुळवावा लागतो, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करून घेतलं.

उरलेल्या पैशांतून चांगले ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि पुढचे दोन टायर. हे सस्पेन्शन नाही, अशी त्याची कुरकुर होती. उताराला ब्रेक पॅडल तळाला गेलं तर महागडे शॉकअप काय कामाचे, एवढंच मी विचारलं. जास्त फेरफार नको याला आणखी एक कारण होतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ नोंदीपेक्षा गाडीत बदल करण्याविरुद्ध निकाल दिला, आणि ही गाडी रोज रस्त्यावर चालते.

जाताना त्याने माझ्या कपाटातून खडूचा डबा नेला. टायरच्या कडेवर आडव्या रेघा मारायच्या आणि फेऱ्या झाल्यावर त्या कुठपर्यंत पुसल्या ते बघायचं. दुपारी फोन आला. “मामू, पुढच्या दोन्ही टायरांवर खडू पार बाजूच्या भिंतीपर्यंत पुसलाय.”

मी म्हटलं, दोन पॉईंट हवा वाढव आणि परत रेघा मार.