भिंतीआड मुरलेली वाइन

१९४४ साली महायुद्धाची आघाडी इटलीच्या तोस्काना प्रांतात येऊन भिडली, तेव्हा इल ग्रेप्पो या द्राक्षमळ्याचे मालक तान्क्रेदी बियोंदी-सांती यांना काळजी पडली ती तळघरातल्या बाटल्यांची. सैन्य कोणाचंही असो, तहानलेलं असतंच! तान्क्रेदींनी सर्वांत जुन्या बाटल्या एका बाजूला रचल्या आणि पुढे सरळ भिंत बांधून टाकली. आत होती १८८८ सालची लाल वाइन.

सिएना शहराच्या दक्षिणेला, साधारण चाळीस किलोमीटरवर, मोन्तालचीनो हे तटबंदीचं गाव डोंगरमाथ्यावर वसलं आहे. इल ग्रेप्पो इथलंच. एके काळी या गावाची ख्याती होती ती मोस्कादेल्लो या गोड, पांढऱ्या वाइनसाठी. क्लेमेन्ते सांती यांनी मात्र लाल वाइनचा ध्यास घेतला. त्यांच्या लेकीचा मुलगा फेरुच्चो हा गॅरिबाल्डीच्या सैन्यातून लढून आलेला. त्याने आजोळचं आणि वडिलांचं अशी दोन्ही आडनावं जोडून घेतली आणि आजोबांचं काम पुढे नेलं. फायलॉक्सेरा या किडीने युरोपभर द्राक्षवेलींचा फडशा पाडला होता. फेरुच्चोने आपल्या मळ्यातले सांजोव्हेझे जातीचे निवडक वेल घेऊन त्यांची कलमं केली. (याच जातीची द्राक्षं आज आपल्या अकलूज परिसरातही पिकतात.) दुसरं कोणतंही द्राक्ष न मिसळता केलेली ही वाइन म्हणजे ब्रुनेल्लो.

ब्रुनेल्लोला घाई चालत नाही. लोणचं मुरावं तशी ती आधी ओकच्या लाकडी पिंपात आणि मग बाटलीत मुरते. आजच्या नियमानुसारसुद्धा सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाचा जानेवारी उजाडेपर्यंत ती विकता येत नाही, आणि खास ‘रिझेर्व्हा’ त्याहूनही एक वर्ष उशिरा. बियोंदी-सांतींची रिझेर्व्हा तर अनेक दशकं टिकते. म्हणजे बाप करणार आणि चाखणार कदाचित नातू! काळाच्या ओघात बाटलीतली पातळी खाली जाते. मग बूच काढून, त्याच सालच्या दुसऱ्या बाटलीतली वाइन भरून, नवं बूच लावायचं. तान्क्रेदींनी १९२७ साली सुरू केलेला हा रिवाज त्यांचे चिरंजीव फ्रांको यांनीही पाळला. १९६९ साली लंडनमध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी राणी एलिझाबेथला मेजवानी दिली, तेव्हा पेल्यांत होती ती याच मळ्याची १९५५ची रिझेर्व्हा.

२००८ साली मोन्तालचीनोतले काही उत्पादक दुसरी द्राक्षं मिसळत असल्याचा संशय आला आणि चौकशी लागली. नियमच थोडा सैल करावा, असा सूरही निघाला. वयोवृद्ध फ्रांको मात्र निव्वळ सांजोव्हेझेवर अडून राहिले. त्यांचाच मळा होता तो; अडून बसण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला?

२०१३ साली फ्रांको गेले. त्यानंतर चारच वर्षांच्या आत इल ग्रेप्पोची मालकी एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली. युद्धात सैनिकांपासून वाचलेलं तळघर शांततेच्या काळात, कागदावरच्या सहीने हातचं गेलं. बाटलीवरचं नाव अजूनही बियोंदी-सांतीच आहे.

फ्रांकोंचे पुत्र याकोपो मोन्तेपो इथल्या किल्ल्याभोवती आपली स्वतःची वाइन करतात. तिथे लावलेल्या सांजोव्हेझेच्या वाणाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं आहे ‘बीबीएस ११’. म्हणजे ब्रुनेल्लो बियोंदी-सांती, वेल क्रमांक अकरा. तो मूळचा इल ग्रेप्पोचाच.