व्याधाची गोष्ट

आमच्या गावच्या घरी, ढेलजेतल्या भिंतीवर, काळविटाच्या शिंगांची एक जोडी पुष्कळ वर्षे होती. गाव बुलढाणा जिल्ह्यातले, घाटावरचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा मुलूख घाटावरचा. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखालचा. त्या पीळदार शिंगांना कधी पिशवी, कधी पागोटे, कधी बैलाचा कासरा टांगलेला असे. पाहुणा आला की मात्र शिंगे मोकळी केली जात आणि त्यांची हकिकत सुरू होई. आजोबांनी ठासणीची बंदूक घेऊन हरभऱ्याच्या वावरात रात्र कशी काढली, पहाटेच्या धुक्यात कळप कसा आला, काळा नर कसा टिपला. ही हकिकत वडील सांगत, काका सांगत, पुढे आम्हीही सांगू लागलो. हातात लेखणी आल्यावर ती एका लेखातही घातली.

तो छापील लेख आजीला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुह्या आबाजीनं कुठी मारला? पारध्यानं फाशात धरून आणला व्हता. त्याले दोन पायल्या ज्वारी देल्ली म्या सोता.”

बंदूक घरात होती हे खरे. तिचा बार पाखरे उठवण्यापलीकडे गेला नव्हता, हेही खरे. आम्ही आजीला त्या माणसाचे नाव विचारले. तिला ते आठवेना. आठवेना म्हणण्यापेक्षा, ते तिला कधी कळलेलेच नव्हते. “पारधीच म्हनत व्हतो त्याले,” एवढेच ती म्हणाली.

या गोष्टीचा आम्हाला फारसा त्रास झाला नाही. घराण्याच्या शौर्यकथा अशाच तयार होतात, असे म्हणून आम्ही ती हसण्यावारी नेली. त्रास झाला तो पुढे काही वर्षांनी, वर्गात.

आम्ही शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवत होतो. विद्यार्थ्यांना चकित करणारी उदाहरणे प्रत्येक शिक्षकाच्या पोतडीत असतात. त्यातले आमचे आवडते उदाहरण ‘पारध’ हे होते. संस्कृतात मृगयेला ‘पापर्द्धि’ असा एक शब्द आहे. पाप आणि ऋद्धी, म्हणजे पापाची वाढ. प्राकृतात त्याचे ‘पारद्धि’ झाले आणि मराठीत ‘पारध’. प्राण्यांविषयीची करुणा आपल्या भाषेने शब्दाच्या पोटातच कशी जपली आहे, असे काहीसे आम्ही रंगात येऊन बोललो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. त्याने अगदी शांतपणे विचारले, “सर, मग पारधी म्हणजे काय?”

तो पारधी बेड्यावरचा होता. हे आम्हाला ठाऊक होते आणि शिकवताना आठवले नव्हते. आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते काय होते हे आज सांगण्यासारखे नाही.

त्या प्रश्नानंतर आमच्या वाङ्मयातल्या शिकारीच्या कथा आम्ही नव्याने वाचू लागलो. त्यांत हरणाची शिकार आहे, परंतु शिकारी दोन जातींचे आहेत. एक राजा, दुसरा व्याध. राजाची ती मृगया. व्याधाचे ते पोट. पांडू हरणाच्या जोडप्यावर बाण सोडतो. मरता मरता ते हरीण आपण किंदम ऋषी असल्याचे सांगते आणि शाप देते. त्या ऋषीचा आक्षेप शिकारीला नाही, शिकारीच्या क्षणाला आहे. दशरथ आवाजाच्या रोखाने बाण मारतो आणि श्रवण जातो. दुष्यंत हरणामागे रथ धाडतो. हे आश्रमातले हरीण आहे, असे सांगून तपस्वी त्याला अडवतात, आणि त्या अडवण्यातून एक नाटक उभे राहते. राजाच्या वाट्याला शाप येतो, पश्चात्ताप येतो, प्रेमही येते. थोडक्यात, त्याला मन मिळते.

व्याधाला काय मिळते? श्रीधरांनी १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ रचले. त्याच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध आमच्या भागातल्या घराघरांत ऐकला जातो. शिवरात्र आहे, तो बेलाच्या झाडावर बसला आहे, घरी लेकरे उपाशी आहेत. हरणे येतात, बोलतात, घरी जाऊन परत येण्याचे वचन देतात आणि वचनाप्रमाणे येतातही. व्याधाचे मन पालटते. शेवटी व्याधाचाही उद्धार होतो, हरणांचाही. लहानपणी ही कथा ऐकताना आम्ही हरणांसाठी रडलो आहोत. घरी वाट पाहणाऱ्या त्या लेकरांच्या पोटात त्या रात्री काय पडले, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. व्याधाने धनुष्य टाकले की तो आपल्याला आवडू लागतो. टाकल्यानंतर त्याने करायचे काय, हा कथेचा विषय नसतो.

इतिहासात तो विषय झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, पारधी त्यांपैकीच. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. काळविटाचा पाठलाग करणारा चित्ता भारतातून नाहीसा झाल्याची अधिकृत नोंदही १९५२ चीच. पारध्यांची एक शाखा चित्ते माणसाळवून राजेरजवाड्यांना शिकार घडवून आणत असे. चित्ता पारधी हे तिचे नाव अनुसूचित जमातींच्या यादीत आजही आहे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. कायदा हवाच होता. बंदुका आणि जीपगाड्या यांनी माळ रिकामे होत चालले होते. जीपमधून शिकार करणारे मात्र नंतर प्रतिष्ठित नागरिक म्हणून वावरले, आणि फास लावणारा सापडला की त्याच्यावर जुना शिक्का होताच.

फासेपारध्यांच्या शिकारीला नियम होते, हे आम्ही फार उशिरा वाचले. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, त्यात ते आहे. एकाच कोरडवाहू प्रदेशात तीन जमाती शिकार करत. पण नंदीवाल्यांची जनावरे वेगळी, वैदूंची वेगळी, फासेपारध्यांची वेगळी. फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकले तर फासेपारधी ते सोडून देत. सोडणारा हा व्याध आमच्या पोथीत नव्हता. त्याला कोणत्याही हरणाने उपदेश केलेला नव्हता. उद्याही हरणे लागतील, एवढे त्याला कळत होते.

त्या मुलाच्या आजोबांबरोबर आम्ही एकदा ई-क्लासच्या जमिनीवर हिंडलो. वऱ्हाडात सरकारी चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. बेडेही बहुधा तिथेच असतात आणि काळवीटही तिथलाच. काळवीट हा जंगलाचा प्राणी नव्हे, माळाचा. शास्त्र त्याला हरणांत मोजत नाही, कुरंगांत मोजते. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, याची गळत नाहीत. आजोबांना हे वर्गीकरण ठाऊक नव्हते. त्यांनी आम्हाला लेंड्यांचा एक ढीग दाखवला. नर रोज येऊन त्याच जागी लेंड्या टाकतो. ती त्याच्या हद्दीची खूण. मग एका काडीच्या टोकावरचा काळा चिकट ठिपका दाखवला. डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव नर असा काड्यांना पुसून ठेवतो. नवे पाडस पहिले काही दिवस गवतात दबून पडते आणि आई दूर चरते, म्हणून मादी एकटी दिसली की तिच्याकडे बघायचे नाही, ती जिकडे बघणे टाळते तिकडे बघायचे, असे ते म्हणाले. मध्येच थांबून त्यांनी तित्तराचा आवाज काढला. पलीकडच्या धुऱ्यावरून उत्तर आले. त्यांच्या हातात फास नव्हता. फास बाळगणेच आता गुन्हा ठरू शकते.

कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ च्या एका निबंधात असे सुचवले आहे की गोष्ट सांगण्याची कल्पना बहुधा प्रथम शिकाऱ्याला सुचली असावी. मातीतल्या मुक्या खुणांवरून घडून गेलेल्या घटनांची साखळी लावणे त्यालाच जमत होते. आम्ही साहित्याचे शिक्षक ज्याला वाचन म्हणतो, ते त्याच्याकडे आधीपासून होते. ‘माग काढणे’ हा शब्दप्रयोग आम्ही समीक्षेत सर्रास वापरतो. तो कोणाकडून आला, हे विसरून वापरतो.

हे सारे लिहिताना आम्ही दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण आमचे वावर अजून आहे. मृग लागला की पेरणी होते. आकाशात त्या मृगाच्या मागे व्याधाचा तारा असतो, हे आम्ही मुलांना कौतुकाने दाखवतो. इकडे कोंब वर येतात तोच खरे मृग वावरात शिरतात. रोह्यांचा कळप एका रात्रीत सोयाबीनचा पट्टा साफ करतो. हरभऱ्याला घाटे धरले की काळवीट आणि रानडुकरे येतात. लोक धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतात, झटका मशीन लावतात, थंडीत जागलीला जातात. पंचनामे होतात, भरपाई मिळते किंवा मिळत नाही. कोणी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतो. मग सकाळी कधी रोही मेलेला सापडतो, कधी माणूस. अशी एक रात्र जागून काढल्यावर, आज तो पारधी असता तर बरे झाले असते, असे आमच्या मनात आले होते. आले याची लाजही वाटली. पीक वाचवायला तो हवा, आणि पीक वाचले की तो गावाबाहेरच बरा, हा आमचा जुना हिशेब. दोन पायल्या ज्वारीत तो आम्ही मिटवत आलो.

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ च्या डिसेंबरात तिथे येऊन पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याच्या तेराशेहून अधिक किलोमीटरच्या वाटचालीचा नकाशा तयार झाला आणि आम्ही सर्वांनी तो कौतुकाने पाहिला. जंगलाला असे प्रेक्षक मिळाले. माळाला ते कमी मिळतात. वाशीम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे आहे. परंतु त्याच अकोला-वाशीम पट्ट्यात ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचा शोध घेतात आणि गवताळ माळ राखतात. तिथे त्यांचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजले जाते. धनुष्य टाकल्यानंतर व्याधाने काय करायचे, याचे हे एक उत्तर आहे. एकमेव नसेल.

शिंगे आता घरात नाहीत. कायद्याच्या भीतीने वडिलांनी ती कधीच काढून टाकली. भिंतीवर दोन खिळ्यांची भोके तेवढी आहेत. ‘पारध’ची व्युत्पत्ती आम्ही आजही शिकवतो, कारण ती खरी आहे. शिकवून झाली की त्या मुलाचा प्रश्न आम्ही स्वतःच फळ्यावर लिहितो आणि थांबतो. वर्ग काही वेळ शांत असतो. मग कोणीतरी विचारते की हा शब्द बनवणारे शिकार करणारे होते, की शिकारीचे मांस खाणारे. आम्ही तिथे आमच्या आजीची ज्वारी सांगतो, आणि तिला ठाऊक नसलेल्या त्या नावाविषयीही सांगतो.